एकट्याचा उत्कर्ष

बक्षिसाची पुस्तके निवडणारा माणूस ती वाचून निवडतोच असे नाही. हा आरोप मी दुसऱ्या कोणावर करीत नाही, स्वतःवरच करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीच्या गणेशोत्सवात निबंधस्पर्धा झाली आणि बक्षिसे आणण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. एका पुस्तकाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच आत्मविकासाच्या पुस्तकांची थप्पी होती. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद मला बरा वाटला. बरा वाटला म्हणजे काय, तर मुखपृष्ठावर उगवता सूर्य होता आणि किंमत बेताची होती. दुकानदार म्हणाला, "मुलं हल्ली हेच नेतात." मी पाच प्रती बांधून घेतल्या आणि घरी येऊन त्यांना रंगीत कागद गुंडाळला. आत काय आहे ते उघडून पाहण्याची बुद्धी मला झाली नाही. आयुष्यभर पुस्तकांविषयी लोकांना उपदेश करीत आलेल्या माणसाने हे केले!

पहिले बक्षीस मिळाले ते मागच्या चाळीतल्या एका मुलाला. घरात आई आणि थोरला भाऊ. भाऊ गल्लीतल्या कारखान्यात माग चालवतो. आमच्या भिवंडीत कारखाना म्हणजे यंत्रमागाची शेड हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या कशालाच आम्ही तो शब्द वापरीत नाही. धाकटा सकाळी कॉलेजात जाई आणि रात्री नाशिक महामार्गाकडच्या एका गोडाऊनमध्ये खोकी भरी. निबंध मात्र त्याने फार चांगला लिहिला होता.

दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी तो माझ्याकडे आला. "काका, तुम्ही दिलेल्या पुस्तकानं माझं आयुष्य बदललं," म्हणाला आणि एक वही माझ्या हातात ठेवली. लेखनाची आवड असलेल्या माणसाला अशी वही म्हणजे फराळाचे ताटच. मी उघडली. ध्येये, दिनक्रम, रोज किती पाने वाचली, किती वेळ वाया गेला. सारे नीट रेघा मारून लिहिलेले. अक्षर देखणे. एका पानावर पाच नावे होती. आपल्या सर्वांत निकटची पाच माणसे लिहा आणि जी आपल्याला मागे खेचतात त्यांच्यापासून दूर व्हा, असा त्या पुस्तकातला धडा होता. पाचांपैकी तीन नावांवर काट मारली होती. दुसरे खोडलेले नाव होते 'दादा'.

"दादा का खोडलास?" मी विचारले.

"तो निगेटिव्ह बोलतो काका. सारखं आपलं मालानं भाव धरला नाही, मजुरी वाढली नाही. ऐकून आपलं मन पडतं."

त्याच्या कॉलेजची फी कोण भरतो हे मला ठाऊक होते. मी काही बोललो नाही. तो गेल्यावर मात्र ते पुस्तक मिळवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, आणि मग त्याच्या भाऊबंदांपैकीही पुष्कळ वाचली. हे टिपण त्या उशिरा केलेल्या वाचनाचे आहे.

या वाङ्मयाला नाके मुरडण्याची आपल्याकडच्या साहित्यिकांत एक रीत आहे. ती मला पाळवत नाही. जेम्स क्लिअर यांचे २०१८ साली निघालेले 'ॲटॉमिक हॅबिट्स' घ्या. सवय कशी लागते, कशी सुटते, मोठ्या संकल्पापेक्षा रोजचा बारीकसा फेरफार कसा टिकतो, हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितले आहे की आपल्या कित्येक विद्वानांनी ते गद्य समोर ठेवून गिरवावे. रामदासांनीही दासबोधाच्या दुसऱ्या दशकात प्रथम मूर्खाची आणि लगेच उत्तम पुरुषाची लक्षणे मोजून दिली, आणि एकोणिसाव्या दशकाचा आरंभ अक्षर कसे काढावे येथपासून केला. तेव्हा याद्या करून उपदेश करणे ही अमेरिकेहून आलेली साथ आहे असे म्हणता येत नाही. फक्त रामदासांनी त्याच दुसऱ्या दशकात एक पढतमूर्खही उभा केला आहे. सारे वाचून शहाणपण अंगी न लागलेला. आजच्या आत्मविकासाच्या पुस्तकांत हे एक प्रकरण मला कुठे सापडले नाही. पुस्तक वाचूनही माणूस तसाच राहू शकतो, ही शक्यता विकत घेणाऱ्याला सांगणे धंद्याच्या दृष्टीने गैरसोयीचे असावे.

माझी पहिली तक्रार साधी आहे. या पुस्तकांना वाचकाचे घड्याळ माहीत नसते. रॉबिन शर्मा यांचे, तेही २०१८चेच, 'द फाइव्ह एएम क्लब' पहाटे पाचला उठावयास सांगते आणि त्या पहिल्या तासाचे वीस वीस मिनिटांचे तीन भाग पाडते: अंग हलविणे, चिंतन आणि अभ्यास. योजना वाईट नाही. आपल्या आजोबांनाही ती पटली असती. पण भिवंडीत माग बहुधा बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांनी चालतात. रात्रपाळीचा माणूस पहाटे पाचला झोपेतून उठायचा नसतोच. तो मागांच्या खडखडाटात तुटलेले ताण्याचे धागे जोडीत उभा असतो. त्या वेळी चिंतन करावयास गेला तर धोटा रिकामा फिरेल आणि ताग्यात खोट निघेल. त्याची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, त्याने आपल्या दिवसाचे केलेल्या वेळापत्रकावर नव्हे. असा वाचक पुस्तक मिटून देता तर फारसे बिघडत नव्हते. पण तो मिटत नाही. तो वहीत लिहितो की आपण आळशी आहोत. त्या मुलाच्या वहीत 'अपयशाचे कारण' असा एक रकाना होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: 'मी'.

दुसरी तक्रार त्या खोडलेल्या नावाची आहे आणि ती मला अधिक टोचते. या पुस्तकांचा नायक एकटा असतो. त्याला आई असते ती प्रस्तावनेत आभार मानण्यापुरती. सोबतीचे प्रकरण क्लिअर यांनीही लिहिले आहे, पण तेथे सोबत येते ती चांगली सवय लवकर लागण्याची सोय म्हणून: जेथे आपल्याला हवे ते वागणे रूढ आहे अशा मंडळींत जाऊन बसा. सल्ला व्यवहाराचा आहे. पण ज्या मंडळींतून उठून जायचे, त्यांचे काय? त्यांची सोय कोणी पाहावयाची? हा प्रश्न विचारण्याची गरजच जणू पडत नाही.

आणि गंमत अशी, की हे वाङ्मय जन्मले तेव्हा असे नव्हते. सॅम्युएल स्माइल्स यांचे 'सेल्फ-हेल्प' १८५९ साली प्रसिद्ध झाले आणि या साऱ्या वंशाचा मूळ पुरुष म्हणून त्याचे नाव घेतले जाते. ते पुस्तक कसे निघाले हे स्माइल्स यांनीच आरंभी सांगितले आहे. इंग्लंडातले लीड्स हे त्या काळचे कापडाचे शहर. तेथे काही कामकरी तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी आपल्यापैकीच एकाच्या झोपडीवजा घरात जमू लागले. ज्याला थोडे येत होते तो त्याहून कमी येणाऱ्याला शिकवी. वाचन, लेखन, अंकगणित, भूगोल. उन्हाळा आला तशी मंडळी बागेत बसू लागली. संख्या वाढली तेव्हा त्यांनी एक कळकट मोठी खोली भाड्याने घेतली. पटकीच्या साथीत तिचे रुग्णालय केले होते, म्हणून ती दुसरे कोणी घेईना. मग त्यांनी स्माइल्स यांना चार शब्द सांगावयास बोलाविले. त्या चार शब्दांचे पुढे पुस्तक झाले. म्हणजे ज्याचे नाव 'आपली आपण मदत', त्याचा जन्म एकमेकांना मदत करणाऱ्या पोरांच्या घोळक्यात झाला! खुद्द स्माइल्स यांना हे नाव पुढे खुपले. १८६६च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केले आहे की हे स्वार्थाचे स्तोत्र आहे असा गैरसमज या नावाने झाला आणि आपल्या मनात तर नेमके उलट होते. डेल कार्नेगी यांचे १९३६चे गाजलेले पुस्तकही न्यूयॉर्कला १९१२ पासून त्यांनी चालविलेल्या संध्याकाळच्या वर्गांतून निघाले. तेथे येणारी माणसे आपापले अनुभव एकमेकांना सांगत. पुढे पुस्तके खपली, आणि वर्ग व खोल्या मागे पडल्या. सल्ला तेवढा उरला.

आता आपल्याकडे पाहू. कार्नेगींच्या एक वर्ष आधी, १९३५ साली, मराठीत एक पुस्तक निघाले. त्याला कोणी आत्मविकासाचे पुस्तक म्हणत नाही, पण महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी ते दुसऱ्या कशासाठी वाचले असेल असे मला वाटत नाही. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून आपण ते पुस्तक वाचण्याऐवजी आठवून रडू लागलो. ते पुन्हा वाचले तर रडण्याआधी एक गोष्ट ध्यानात येते: त्यातला श्याम एकटा कधीच नसतो. गोष्टी सांगणारा मोठा श्याम आश्रमातल्या सोबत्यांमध्ये बसला आहे. रोज रात्री प्रार्थना झाली की तो एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आणि सांगतो काय? आपले पराक्रम नव्हेत. पोहायला जावे लागू नये म्हणून मी दडून बसलो, आईने शिंपटीने फोडून काढले. मी चोरी केली. मी खोटे बोललो.

'मोठा होण्यासाठी चोरी' असे एका रात्रीचे नावच आहे. आजच्या एखाद्या आत्मविकासाच्या लेखकाला हे नाव सुचणार नाही, आणि त्याला ज्याची खरी गरज आहे ते प्रकरणही हेच. पोराला मोठे व्हायचे आहे, त्यासाठी पुस्तके हवीत, पुस्तकांना पैसे हवेत. तो पैसे उचलतो. हेतू उत्तम, ध्येय उच्च, आणि कृती चोरीची. मोठे होण्याच्या हावेतच लहान होण्याचा धोका असतो हे साने गुरुजी व्याख्यान देऊन सांगत नाहीत. ते श्यामला आईसमोर उभे करतात, आणि तिच्यासमोर त्याचे खोटे टिकत नाही. मी त्या मुलाला बक्षीस द्यायला हवे होते ते हे पुस्तक. पण ते स्वस्त, त्यावर उगवता सूर्य नाही, आणि सर्वांनी वाचलेलेच आहे अशी आपली समजूत.

पुस्तक लिहिण्याआधी गुरुजी हे जगले होते. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळीत. अमळनेर हेही गिरणीचे गाव. त्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या न सांगता झाडून ठेवीत, कपडे धुऊन टाकीत, आणि मुलांसाठी हाताने लिहून रोजचे एक पत्र काढीत. मुलांना शिस्त लावण्याची ही तऱ्हा कोणत्याही यादीत बसणारी नाही.

तरीही 'श्यामची आई' निर्दोष आहे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. गुरुजींना डोळ्यांतले पाणी आवरत नाही, आणि पुष्कळदा वाचकाच्या आधी लेखकच रडून मोकळा होतो. त्याहून मोठा दोष असा की सारा विकास श्यामचा आणि सारी झीज आईची. ती कर्जात, आजारात, अपमानात संपत जाते आणि मुलगा घडत जातो. घराघरांतून हे पुस्तक मुलींच्याही हाती दिले गेले; त्यांनी त्यात कोणाच्या जागी स्वतःला पाहावयाचे? आमच्या गल्लीत कापड घडी करावयास जाणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या रोजावर भाऊ क्लासला जातात. त्यांना 'त्याग कर' असे सांगणारे आणखी एक पुस्तक नको आहे. पण एक फरक राहतोच. गुरुजींनी आईची झीज पानोपानी दाखविली. आजच्या पुस्तकांत झिजणारा माणूस दिसतच नाही. फार तर खोडलेले नाव दिसते.

या जागी मला नारायण सुर्वे आठवतात. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला मुंबईत रस्त्यावर सापडलेले हे पोर. त्याने ते घरी आणले, आपले नाव दिले, चौथीपर्यंत शिकविले. पुढे पोराने गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली, आणि त्यानंतर तो शिक्षक झाला. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि १९६६ साली 'माझे विद्यापीठ' हे त्यांचे संग्रह निघाले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यशोगाथा लिहिणाऱ्याला याहून चांगला नायक मिळणार नाही. शिपायापासून पद्मश्रीपर्यंत, असे मथळे सहज करता येतील. पण सुर्व्यांच्या कवितेत तो चढता जिना नाही. तेथे रस्ता आहे, गिरणी आहे, संप आहे, शेजारीपाजारी आहेत, आणि कवी त्या सर्वांना आपले शिक्षक म्हणून हजर ठेवतो. वर गेलेल्या माणसाने खाली पाहून लिहिलेली ती कविता नाही. स्वतःला घडविण्याची भाषा इतकी ठाम आणि 'मी' इतका मोठा असूनही त्या 'मी'मध्ये इतकी माणसे मावतात, हा तिचा विशेष मला कोणत्याही अलंकारापेक्षा मोठा वाटतो. आपल्या समीक्षेने सुर्व्यांना कामगारकवी म्हणून एका खणात ठेवले. ते आत्मविकासाच्या फळीवर ठेवण्याचे धाडस एखाद्या ग्रंथपालाने करावे.

सोबतीचा हा आग्रह मी भिवंडीत राहतो म्हणून अधिक धरीत असेन. या गावाने १९७० आणि १९८४च्या दंगली पाहिल्या. त्यांचे वर्णन दिवाळीत नको. पण त्यानंतरचे सांगितले पाहिजे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे येथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून समित्या बसविल्या. निरनिराळ्या धर्मांची, धंद्यांची साधी माणसे नियमाने एकत्र बसत आणि नळापासून भांडणापर्यंत सारे बोलत. १९९२-९३ साली मुंबई पेटली तेव्हा हे गाव शांत राहिले. येथे मराठी आहे, उर्दू आहे, पद्मानगरात तेलुगू आहे, उत्तरेकडून आलेल्या कामगारांची हिंदी आहे. अशा गावात जो तो आपापली पाच निवडक माणसे धरून बाकीची खोडीत बसला, तर ती गल्ली रात्री कशी झोपेल हे आमच्या पिढीला विचारा.

त्या मुलाला मी उपदेश केला नाही. एका पुस्तकाने झालेले दुसऱ्या पुस्तकाने निस्तरावे, एवढाच उद्योग माझ्यासारख्याला जमतो. वाचनालयात रविवारी दुपारी सात-आठ जण बसू लागलो. मोठ्याने वाचायचे, एकाने दोन पानांपेक्षा जास्त नाही. तो सुरुवातीला फक्त वही घेऊन आला, पुढे वहीशिवाय आला. एकदा कारखाने बंद होते म्हणून त्याचा दादाही मागे येऊन टेकला. कोणी त्याला या म्हटले नव्हते आणि जा तर नव्हतेच.

त्या दिवशी वाचायला निघाली होती 'आनंदाची दिवाळी'. वडिलांचे धोतर फाटले आहे. आई भाऊबीजेचे आलेले पैसे स्वतःसाठी न ठेवता त्यांतून त्यांना नवे धोतर आणविते. वाचण्याची पाळी धाकट्याची होती. तो नीट वाचत होता, मध्ये एकदा थांबला, पाणी प्याला, पुढे वाचू लागला. संपल्यावर नेहमीप्रमाणे सगळे गप्प. मी काही विचारणार तोच मागून दादा बोलला.

"आमच्या मागावर असं पांढरं नाही निघत. कोरं निघतं. ते बाहेर धुवायला जातं, मग पांढरं होतं. आपण विणलेलं आपल्याला परत दिसतच नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीस," धाकटा म्हणाला.

"तू विचारलंस कधी?"

मग कोणीतरी ताणा किती, बाणा किती असे विचारले, आणि तो बाकावरून उठून पुढे आला व हातांनी दाखवू लागला. त्या रविवारी पुढचे प्रकरण वाचायचे राहिले.